जुन्या गाडीचे ब्रेक लाइट: बल्ब बदलण्याआधी करंटचा रस्ता तपासा

नागपुरात अजनी चौकाच्या सिग्नलला स्कूटरवरचा एक मुलगा माझ्या शेजारी येऊन थांबला. काचेवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "काकू, तुमचे ब्रेक लाइट लागून नाही राहिले. आत्ता आदळलो असतो मी तुमच्यावर." त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. बाबांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी मी दर रविवारी सकाळी बाहेर काढते. किती रविवार ती वर्धा रोडवर मागून अशी मुकी फिरत होती, कोण जाणे. हेडलाइट गेला तर आपल्याला कळतं, हॉर्न गेला तर कळतं. ब्रेक लाइट गेल्याचं मात्र फक्त मागच्याला कळतं, तेही उशिरा.

घरी येऊन मी दोन्ही बल्ब बदलले. फरक शून्य. मग एका गॅरेजमध्ये ब्रेकचा स्विच बदलून घेतला. दिवे लागले, पण मंद, आणि महिन्याभरात डावा पुन्हा बंद पडला. शेवटी सदरमधल्या एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्यांनी बॉनेटकडे पाहिलंही नाही, सरळ डिकीत वाकले. म्हणाले, "ताई, बल्ब बदलून काय होते? करंट वापस कसा जाते ते पहा ना." त्या एका सकाळी त्यांनी जे दाखवलं आणि नंतर मी स्वतः आमच्या आणि ओळखीतल्या दोन-तीन गाड्यांवर जे केलं, ते इथे क्रमाने सांगते. कुर्ल्यात बनलेली पद्मिनी असो, उत्तरपाड्यात बनलेली अँबॅसेडर असो की एखादी जुनी हेराल्ड, पद्धत तीच.

आधी रस्ता समजून घ्या

या गाड्यांमध्ये कुठलाही कॉम्प्युटर नाही. बॅटरीतून निघालेला करंट बहुतेक गाड्यांत चावीच्या स्विचमधून फ्यूजमध्ये येतो, तिथून ब्रेकच्या स्विचवर, मग एका वायरने थेट मागे. मागे त्या वायरला दोन फाटे फुटतात, एक डाव्या दिव्याकडे, एक उजव्या. बल्बमधून गेला की होल्डरच्या पत्र्यातून बॉडीत उतरतो आणि बॉडीतूनच बॅटरीकडे परततो. परतीच्या या अर्ध्या वाटेला आपण अर्थ म्हणतो. तिला वेगळी वायर नसल्याने ती डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणून कुणी तपासतही नाही. माझ्या अनुभवात जुन्या गाडीचा मंद किंवा अधूनमधून लागणारा ब्रेक लाइट बहुतेक वेळा इथेच अडलेला असतो.

पान्हा हातात घेण्याआधी एका माणसाला ब्रेकवर बसवा, स्वतः मागे उभे राहा आणि नेमकं काय होतंय ते लिहून काढा. चावी चालू ठेवा. चावी बंद ठेवून "लाइटच लागत नाही" म्हणणारे मी पाहिले आहेत आणि एकदा मीही तेच केलं होतं. दोन्ही दिवे लागत नसतील तर बिघाड दोघांच्या सामाईक वाटेवर आहे: फ्यूज, स्विच किंवा मागे जाणारी मुख्य वायर. एकच लागत नसेल तर फ्यूज आणि स्विच निर्दोष आहेत, त्यांना हात लावू नका. बल्ब, होल्डर, त्या बाजूचा वायरचा फाटा आणि अर्थ एवढंच बघा. ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा टेल लाइट उलट मंद होत असेल किंवा इंडिकेटर अर्धवट पेटत असेल, तर अर्थ गेलेला आहे हे जवळजवळ नक्की समजा. परतीची वाट बंद झाली की करंट शेजारच्या फिलामेंटमधून उलटा शिरून दुसरी वाट शोधतो. पेडल जोरात दाबल्यावरच दिवे लागत असतील तर प्रेशर स्विचवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने चालणाऱ्या स्विचवर, संशय घ्या.

सामान फार लागत नाही. तीन-चारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर, दोन टोकांना क्लिपा लावलेली दोन मीटर वायर, बारा व्होल्टचा एक जुना बल्ब होल्डरसकट (हाच टेस्ट लॅम्प), बारीक पॉलिश पेपर, वायर ब्रश, व्हॅसलीन आणि सुती फडकी. एप्रिल-मे मध्ये हे काम सकाळी सहा ते आठच्या आत उरकावं. नागपूरच्या उन्हात दहानंतर डिकीच्या पत्र्याला हात लावता येत नाही, आणि तापलेल्या जुन्या वायरचं प्लास्टिक वाकवलं की तडकतं. गाडी गिअरमध्ये टाका, चाकाला वीट लावा. वायर कापायची किंवा जोडायची वेळ आली की आधी बॅटरीचं बॉडीकडे जाणारं टोक सोडवा. कोणतं टोक बॉडीला आहे हेही बघून ठेवा. पद्मिनीत ऋण टोक बॉडीला असतं. जुन्या ब्रिटिश वळणाच्या कित्येक गाड्यांत धन टोक बॉडीला असायचं. साध्या बल्बला त्याने फरक पडत नाही, मल्टिमीटरच्या काट्याला आणि एलईडीला पडतो.

बल्ब, होल्डर आणि फ्यूज

या गाड्यांत मागे बहुधा २१/५ वॅटचा दोन फिलामेंटचा बल्ब असतो. ५ वॅटची बारीक तार टेल लाइटसाठी, २१ वॅटची जाड तार ब्रेकसाठी. त्याच्या बाजूच्या दोन पिना मुद्दाम खालीवर असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. पण चाळीस वर्षं घासलेल्या होल्डरमध्ये तो जोर लावून उलटाही बसतो. मग टेल लाइट झगझगीत आणि ब्रेक दाबल्यावर किंचित वाढ, असा प्रकार होतो. दुसरी चूक म्हणजे दुकानात मिळाला म्हणून एक फिलामेंटचा बल्ब दोन टोकांच्या होल्डरमध्ये दाबून बसवणं. त्याच्या बुडाचा एकच मोठा ठिपका दोन्ही टोकांना एकत्र जोडतो आणि ब्रेक दाबला की टेल लाइट, नंबर प्लेटचा दिवा, कधी डॅशबोर्डचा दिवासुद्धा पेटतो. बल्ब काढून त्याचं बूड बघा: दोन ठिपके आणि पिना खालीवर, तरच तो योग्य.

बल्ब काढला आहे तर होल्डरच्या तळाशी असलेली दोन पितळी टोकं बोटाने दाबून बघा. स्प्रिंगने ती परत वर यायला हवीत. हिरवट पांढरी बुरशी चढली असेल तर पेन्सिलीच्या मागे पॉलिश पेपरचा तुकडा गुंडाळून फिरवा. नवा बल्ब बसवून हलवून पाहा. सैल वाटला तर होल्डरचा पत्रा पकडीने हलकेच आत दाबा.

फ्यूज पटकन. फियाटच्या घराण्यात (पद्मिनी त्यातलीच) दोन्ही टोकांना टोकदार टोप्या असलेले, ८ अँपिअरचे छोटे फ्यूज असतात. त्यांची गंमत अशी की तार शाबूत दिसते, पण टोकांवर बुरशी येऊन करंट जात नाही. फ्यूज क्लिपांमध्येच बोटाने दोन-चार वेळा फिरवा. तेवढ्याने दिवे लागले तर फ्यूज काढून क्लिपा घासा, थोड्या आत वाकवा, नवा फ्यूज बसवा. अँबॅसेडरसारख्या ल्यूकास (ब्रिटिश इलेक्ट्रिकल कंपनी) वळणाच्या वायरिंगमध्ये काचेचे ३५ अँपिअरचे दोनच फ्यूज असतात आणि एकाच फ्यूजवर ब्रेक लाइटसोबत इतरही गोष्टी चालतात. वायपर-इंडिकेटरही बंद असतील तर दोष तिथे आहे. उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची जुनी सवय सोडाच. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी वायर बॉडीला लागते आहे. फ्यूजऐवजी मग ती वायर जळते, आणि ती गालिच्याखालून, सीटच्या बाजूने गेलेली असते.

स्विच की वायर? एका मिनिटाची परीक्षा

ब्रेक स्विचवर दोन वायर असतात. एकीत चावी चालू असताना कायम करंट, दुसरी मागे जाते. दोन्ही काढा, क्लिपवाल्या वायरने एकमेकींना जोडा. ल्यूकासच्या रंगांत करंट आणणारी वायर हिरवी आणि मागे जाणारी हिरवीवर जांभळी रेघ असलेली असते, पण चाळीस वर्षांत किती हात फिरलेत त्यावर रंगांचा भरवसा अवलंबून आहे. जोडताना पहिली वायर बॉडीला टेकू देऊ नका, फ्यूज उडेल.

दिवे लागले? स्विच गेला. नाही लागले? टेस्ट लॅम्पचं एक टोक बॉडीच्या चकचकीत बोल्टला लावून दुसरं करंट आणणाऱ्या वायरला लावा. लॅम्प पेटला नाही तर मागे फ्यूज आणि चावीकडे चला. पेटला तर जोडणी तशीच ठेवून डिकीत जा आणि मागच्या वायरच्या प्रत्येक जोडावर लॅम्प लावत पुढे सरका. ज्या जोडाच्या अलीकडे लॅम्प पेटतो आणि पलीकडे पेटत नाही, तो जोड दोषी.

आमच्या गाडीत या परीक्षेला एक उत्तर सापडलं. बाबा काटोलहून संत्र्यांच्या पेट्या डिकीत भरून आणायचे. डाव्या दिव्याची वायर डिकीच्या कडेने उघडीच गेली होती आणि वर्षानुवर्षं पेट्यांची कड तिच्यावर घासत राहिली. बाहेरून वायर अखंड दिसत होती. बोटांनी चाचपली तर एका ठिकाणी मऊ लागली. आतल्या तांब्याच्या तारांपैकी तीनच उरल्या होत्या, बाकीच्यांची काळी पूड झाली होती. ती पूड हातावर आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की बल्ब आणि स्विचवर घातलेले पैसे या दोन बोटं लांबीच्या तुकड्यासाठी वाया गेले. उभ्या गाडीत उंदीरही हेच काम करतात. मागच्या सीटखाली आणि डिकीच्या चटईखाली चुरलेलं प्लास्टिक दिसलं तर ती वायर पूर्ण काढून बघा.

तुकडा बदलताना १.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या. हा आकडा हिशेबाने येतो. २१ वॅटचे दोन बल्ब बारा व्होल्टवर साडेतीन अँपिअर ओढतात. पाच मीटर लांबीच्या १.५ च्या वायरमध्ये त्यामुळे साधारण ०.२ व्होल्ट गळतात, ०.७५ च्या वायरमध्ये त्याच्या दुप्पट. जोड पिळून टेप मारू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो आणि पावसाळ्यात आत पाणी शिरतं. लग (वायरच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबून बसवा, वरून झाळा, आणि गरम केल्यावर आवळणारी रबरी नळी चढवा.

प्रेशर स्विच

जुन्या गाड्यांत ब्रेक लाइटचा स्विच पुष्कळदा पेडलवर नसतो, तर मास्टर सिलिंडरवर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग) किंवा ब्रेकच्या नळीच्या एखाद्या जोडावर स्क्रूसारखा बसवलेला असतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब आतल्या पडद्यावर येतो, पडदा एक पत्री ढकलतो आणि दोन टोकं जुळतात. ज्या गाड्यांचा मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली आहे त्यांत हा बिचारा चिखलपाण्यातच जगतो. शिवाय ब्रेक लाइटचा सगळा करंट त्याच्या एवढ्याशा टोकांतून जातो. दर वेळी ठिणगी पडते, टोकं काळी होतात आणि मग अधिकाधिक जोर लावल्याशिवाय दिवे लागत नाहीत. गर्दीत आपण हलकेच ब्रेक लावतो तेव्हा मागच्याला काहीच दिसत नाही, हे यातलं सगळ्यात वाईट.

स्विचच्या वायरी काढल्यावर टोकांच्या मधली जागा बोटाने पुसून बघा. ओलं, तेलकट लागलं तर थांबा. पडदा फाटून ब्रेक ऑइल बाहेर येतंय. आता हा लाइटचा प्रश्न राहिला नाही, ब्रेकचा झाला. स्विच बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नका, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना एकच सर्किट आहे. ऑइल संपलं की चारही ब्रेक एकदम जातात.

बदलण्याची रीत अशी. जुना स्विच सोबत नेऊनच नवा घ्या, कारण आटे वेगवेगळे असतात: काही इंचाच्या मापाचे आणि निमुळते, काही मिलिमीटरचे. हाताने दोन-तीन आटे सहज बसले तरच पुढे पान्हा. निमुळत्या आट्यांना सफेद टेप गुंडाळू नका, तिचा तुकडा तुटून ब्रेकच्या नळीत जातो. तांब्याचा वॉशर असेल तर नवा लावा. ऑइलच्या टाकीच्या झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा ठेवून झाकण आवळा, म्हणजे खाली गळती कमी होते. खाली फडकं धरा, जुना काढा, लगेच नवा बसवा. मधल्या वेळात पेडलला कुणाचा पाय लागता कामा नये. माझा भाचा मदतीला होता, त्याला मी मुद्दाम गाडीबाहेर उभं केलं. आवळताना हात राखून: आटे मऊ धातूत आहेत.

ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. नेहमीचं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं आणि रंग खातं. नंतर ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढायची, हे ऐच्छिक नाही. प्लास्टिकचा तुकडा आठवणीने काढा, टाकी भरलेली ठेवा, मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. चाकाजवळच्या ब्लीडर निपलला (हवा बाहेर सोडण्याचा स्क्रू) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. पेडल दाबून धरलं की निपल सैल, बुडबुडे येऊ द्या, निपल बंद, मग पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत. डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल वापरा आणि बंद डबाच घ्या, कारण हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ चा उकळबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावरची किमान मर्यादा १४० पर्यंत खाली येते. इंजिन ऑइल चुकूनही टाकू नका, सगळी रबरं फुगतात.

तुमच्या गाडीत स्विच पेडलवर असेल तर भाग्यवान आहात. तिथे फक्त त्याच्या दोन नटांनी स्विच पुढेमागे सरकवून पेडल अर्धा-पाऊण इंच दबताच दिवा लागेल असं जमवायचं.

अर्थ: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

डिकीत वाकलेल्या त्या इलेक्ट्रिशियनकाकांनी मीटर वीस व्होल्टवर ठेवला. सीट आणि पेडलच्या मध्ये एक काठी अडकवून ब्रेक दाबलेलाच ठेवला. मग डाव्या दिव्यात बल्ब असतानाच लाल काडी बल्बच्या पितळी अंगाला आणि काळी, लांब वायर जोडून, थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावली. हे दोन्ही बिंदू एकाच अर्थचे आहेत, म्हणजे मीटरने शून्याजवळ दाखवायला हवं. दाखवले २.३. बॅटरीतून निघालेल्या १२.३ व्होल्टपैकी २.३ परतीच्या वाटेवरच्या गंजात जिरत होते. मग लाल काडी बॅटरीच्या धन टोकाला आणि काळी होल्डरच्या ब्रेकच्या टोकाला: ०.६. उरले ९.४. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने घटतो, म्हणून ९.४ व्होल्टवर तो जेमतेम चाळीस टक्के राहतो. वर्धा रोडवर भर दुपारी तो दिसणार कुणाला?

ही मोजणी दिवा पेटलेला असतानाच करायची. मीटर ओहमवर ठेवून अर्थ मोजला की सगळं ठीक दिसतं, कारण दोष दीड-एक ओहमचा आणि मीटरच्या काड्यांचाच अर्धा ओहम. अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टपर्यंत चालेल, करंटच्या बाजूला ०.५ पर्यंत. त्याहून जास्त आलं की काडी बॅटरीकडून दिव्याकडे एकेक जोड सरकवत आणा. जिथे आकडा उडी मारतो तिथे गंज आहे.

आमच्याकडे उडी होती दिव्याचा डबा बॉडीला धरणाऱ्या दोन नटांवर. काही वर्षांपूर्वी गाडी रंगवून आणली होती. रंगवणाऱ्यांनी डबा काढून त्याखालचा पत्रा सुंदर, गुळगुळीत रंगवला आणि वर नवी रबरी गादी बसवली. रंग आणि रबर दोन्हीतून करंट जात नाही. डबा फक्त दोन गंजलेल्या स्क्रूंच्या आट्यांवर बॉडीला टेकला होता. गाडी नुकतीच रंगवून आणलेल्या कुणी "दिवे बिघडले" म्हटलं की मी आता पहिला प्रश्न हाच विचारते, की दिव्याखालचा पत्रा खरवडला होता का?

दुरुस्ती साधी आहे. नट काढा, त्याखाली रुपयाच्या नाण्याएवढी जागा पांढरा पत्रा दिसेपर्यंत खरवडा. दातेरी वॉशर, गोल लग, पुन्हा वॉशर, नट. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन थापा, आवळण्याआधी नको. एवढ्यावर न थांबता मी दोन्ही होल्डरच्या पत्र्यांना १.५ ची काळी वायर झाळून ती डिकीच्या तळाशी एकाच बोल्टवर आणली. बाहेरून काही दिसत नाही, गाडीचं मूळपण जात नाही, आणि परतीची वाट आता गंजाच्या मर्जीवर नाही. बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी अशा दोन जाड पट्ट्यांची टोकंही त्याच दिवशी घासून घ्या. नंतर मोजलं तर अर्थवर ०.०८ व्होल्ट आले.

दिवा विझतच नाही तेव्हा

याकडे लोक दुर्लक्ष करतात, पण कायम पेटलेला ब्रेक लाइट हा न पेटणाऱ्याइतकाच फसवा. मागच्याला तुम्ही थांबताय की नाही काही कळत नाही. आणि ज्या गाडीत हा दिवा चावीशिवाय लागतो तिथे साडेतीन अँपिअर रात्रभर, म्हणजे दहा तास, जळले की ३५ अँपिअर-अवर गेले. सकाळी बॅटरी झोपलेली.

स्विचची एक वायर काढा. तरी दिवा पेटलेलाच असेल तर मागची वायर दुसऱ्या करंटच्या वायरला चिकटली आहे. विझला आणि स्विच पेडलवरचा असेल तर त्याची जागा सरकली किंवा पेडलची स्प्रिंग दमली. प्रेशर स्विच असेल तर घाईने त्याला दोष देऊ नका. वायर परत जोडा, दिवा पेटलेला असताना एखाद्या चाकाचा ब्लीडर क्षणभर सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून दिवा विझला तर स्विच खरं बोलत होता: ब्रेकच्या नळीत दाब अडकून बसला आहे. पेडल आणि मास्टर सिलिंडरमधल्या दांडीला मोकळीक नाही, ऑइल परत येण्याचं बारीक छिद्र बुजलं आहे, किंवा रबरी होज आतून फुगला आहे. अशी गाडी थोडी चालवून चाकाजवळ हात नेला तरी धग लागते. ते काम ब्रेकच्या मिस्त्रीचं आहे आणि लगेच करायचं आहे.

रिले, एलईडी, जादा दिवा

प्रेशर स्विच वारंवार जात असेल तर चार पिनांचा बारा व्होल्टचा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावणं मला पटतं. स्विचमधून आलेली वायर ८५ किंवा ८६ क्रमांकाच्या पिनेवर, त्यातली दुसरी पिन अर्थला. ३० वर फ्यूजमधून आलेला करंट, ८७ वरून मागे जाणारी वायर. स्विचमधून मग साडेतीनऐवजी पाव अँपिअरही जात नाही. आत रेझिस्टर किंवा डायोड असलेला रिले मागा, म्हणजे कॉइलची ठिणगी स्विचच्या टोकांवर येत नाही. डायोडवाला असेल तर ८५-८६ ची दिशा त्याच्यावरच्या चित्राप्रमाणे पाळा. मूळ वायरी न कापता जोडा. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं दिली आहेत. आमची गाडी त्या वयाला २०३२ मध्ये पोचेल, तेव्हा हा रिले दोन मिनिटांत काढता यावा अशीच मी तो बसवला आहे.

एलईडी बल्बबद्दल माझं मत सावध आहे. जुन्या दिव्याचा परावर्तक फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीच्या चिप्स त्या जागी नसल्या की समोरून एक प्रखर ठिपका दिसतो आणि बाकी काच काळोखी. टेल आणि ब्रेक यांतला फरकही कित्येक स्वस्त बल्बांत कळत नाही. लावायचाच तर लाल काचेमागे लाल एलईडी लावा आणि दहा पावलांवरून उन्हात बघून ठरवा. त्यापेक्षा परावर्तक ओल्या कापसाने हळूच पुसा (घासलात तर मुलामा निघेल) आणि लाल काच साबणाने आतून धुवा. आमच्या काचेच्या आत धुळीचा असा थर होता की धुतलेलं पाणी विटकरी झालं.

मागच्या काचेखालच्या फळीवर, काढता येईल असा एक जादा ब्रेक लाइट मात्र जरूर ठेवा. पद्मिनीचे दिवे लहान आणि खाली आहेत. आजच्या उंच गाड्यांच्या चालकाची नजर तिथवर सहज जात नाही.

शेवटची तपासणी

संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून तीन-चार हातांवर लावा. फक्त ब्रेक, मग टेलसोबत ब्रेक, मग टेल, ब्रेक आणि डावा इंडिकेटर, मग उजवा. कोणताही दिवा दुसऱ्याच्या तालावर नाचता कामा नये. पेडल हलक्या पायाने दाबूनही दिवे लागायला हवेत. डिकी जोरात आपटून पुन्हा बघा. आम्ही हे करताना भाचा पेडलवर होता आणि आई अंगणात खुर्ची टाकून बसली होती. ती दर वेळी सांगायची, "डावा लागला. उजवा लागला. आता दोन्ही." शेवटी स्वतः उठून आली, लाल उजेडात हात धरून पाहिला आणि म्हणाली, "तुझ्या बाबांच्या वेळी एवढा नव्हता."

ग्लोव्ह बॉक्समध्ये आता २१/५ चे दोन बल्ब, चार फ्यूज आणि क्लिपवाली वायर ठेवलेली असते. रविवारी निघताना फाटकाबाहेर काढण्याआधी मी ब्रेक दाबून आरशात बघते, मागच्या पांढऱ्या भिंतीवर दोन लाल गोल उमटले की गिअर टाकते.